चाकाचा ढाळ

गेल्या वर्षी डिसेंबरात माझी मुलगी कोइमतूरहून परतली आणि घरात शिरण्याआधीच मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेली. तिने स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढची चाकं बाहेर काढली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाली, “बाबा, हात फिरवून बघ.” टायरचा आतला दोन-तृतीयांश भाग जवळपास नवा होता. बाहेरची कड मात्र खवणीवर घासल्यासारखी झाली होती. रबराचे बारीक दाणे गोळा होऊन तिथेच चिकटले होते. दोन्ही चाकांची तीच गत.

गाडी तशी साधी आहे, जुनी पेट्रोल स्विफ्ट. पण मुलीने तिला ताठ स्प्रिंगा, चांगले ब्रेक पॅड आणि मऊ रबराचे टायर बसवले आहेत. वर्षातून दोन-तीनदा ती कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर जाते. तिथे हौशी लोकांना पैसे भरून एक दिवस स्वतःची गाडी पळवता येते. २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक. दिवसभरात तिच्या चाळीसेक फेऱ्या होतात.

आम्ही गाडी अलाइनमेंटच्या दुकानात नेली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसत होते. तिथल्या मुलाने सांगितलं, “कॅम्बर बरोबर आहे आणि तसाही या गाडीत तो बदलता येत नाही.” दोन्ही गोष्टी त्याच्या परीने खऱ्या होत्या. कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेत आकडे बसत होते. आणि कारखान्याने कॅम्बर बदलायची सोय ठेवलेली नव्हती. तरीही टायरची कड गेली होती. मुलगी म्हणाली, “मग आपण घरीच करू.” मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवलं. फळ्यावर या कोनाच्या आकृत्या शेकड्यांनी काढल्या. प्रत्यक्ष चाकाचा कोन मात्र एकदाही मोजला नव्हता. या लेखात आहे तो त्यानंतरच्या तीन आठवड्यांचा अभ्यास.

*

गाडीसमोर उभं राहून पुढच्या चाकाकडे पाहिलं, तर ते जमिनीवर काटकोनात उभं आहे असं वाटतं. बहुतेक वेळा ते तसं नसतं. चाकाचा वरचा भाग गाडीच्या आत झुकला असेल तर त्याला ऋण कॅम्बर म्हणतात, बाहेर झुकला असेल तर धन कॅम्बर. हा कोन अंशात मोजतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांत तो सहसा एका अंशाच्या आतबाहेर असतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. टायरला मात्र कळतो.

रबर रस्त्याला पकडतं ते तळहाताएवढ्या जागेत. ती जागा पूर्ण टेकलेली असेल तर पकड चांगली मिळते. सरळ रस्त्यावर ती टेकलेली असते. गाडी वेगाने उजवीकडे वळू लागली की तिचं अंग डावीकडे कलतं, बसमध्ये आपण कलतो तसं. गाडीचा बहुतेक भार डाव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर येतो. आणि नेमकं ते चाकही अंगाबरोबर बाहेर कलू लागतं. तळहात उचलला जाऊन फक्त करंगळीची कड टेबलावर राहावी, तसं टायरचं होतं. सगळा भार त्या कडेवर. आमच्या टायरवरचे रबराचे दाणे तिथेच तयार झाले होते.

चाक अंगाबरोबर किती कलेल, हे सस्पेंशनच्या रचनेवर ठरतं. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन अभियंता जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम करत होता. तो प्रकल्प १९४७ साली गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. १९५० साली लंडनच्या मोटर शोमध्ये मांडलेल्या फोर्ड कॉन्सलला ही रचना होती. स्प्रिंग, शॉकप आणि चाकाला वरून धरणारा खांब या तिन्ही गोष्टी त्यात एकाच नळकांड्यात बसवल्या आहेत. ती स्वस्त असते, जागा कमी खाते, आणि म्हणून १९८३च्या मारुती ८०० पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती आहे. तिची एक उणीव म्हणजे गाडी कलली की चाकाला ती पुरेसं सरळ ठेवू शकत नाही. गाडी तीन अंश कलली, तर त्यातला बराचसा कल चाकाच्या वाट्याला येतो.

यावर उपाय असा, की गाडी उभी असतानाच चाकाला थोडा उलटा कल देऊन ठेवायचा. वर आत, खाली बाहेर. मग वळणावर ते बाहेर कललं की जमिनीवर सपाट येतं. काम करण्याच्या क्षणी सरळ असावं म्हणून एरवी वाकडं ठेवायचं, एवढंच या उपायाचं तत्त्व.

*

मला वाटलं होतं की ही युक्ती मोटारींच्या शर्यतीतून आली असेल. शोधत गेलो तेव्हा ती घोड्याच्या गाड्यांपाशी जाऊन पोचली. इंग्लंडमधल्या फार्नहॅम गावात जॉर्ज स्टर्ट नावाच्या गृहस्थाने १८८४ साली वडिलांचा चाकं घडवण्याचा कारखाना हाती घेतला आणि पुढे १९२३ साली त्या धंद्यावर एक पुस्तक लिहिलं. शिकलेला माणूस कारागिरांच्या हाताखाली उभा राहून त्यांना न सांगता येणारी कारणं शोधतो, असं ते पुस्तक आहे. त्यात बशीसारख्या चाकांची चर्चा येते. तिकडच्या मालगाड्यांचं चाक सपाट नसे. तुंब्यापासून निघालेले आरे बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेले असत, त्यामुळे चाक उथळ बशीसारखं दिसे. घोडा एकेक पाऊल टाकताना भरलेली गाडी डावी-उजवीकडे हेलकावे खाते. या हेलकाव्यांनी तुंबा सतत आडवा ढकलला जातो. सपाट चाक त्या धक्क्यांनी खिळखिळं होतं, बशीचं चाक तग धरतं.

पण आरे झुकलेले म्हणजे भारही तिरक्या लाकडावर येणार. म्हणून कारागीर आसाची टोकं किंचित खाली वाकवत. त्यामुळे अख्खं चाक वरून बाहेर झुकलेलं दिसे, पण सगळ्यात खालचा आरा, ज्याच्यावर त्या क्षणी भार असतो तो, बरोबर ओळंब्यात येई. चाक फिरे तसा प्रत्येक आरा आपल्या पाळीला सरळ होई आणि मग पुन्हा तिरका.

सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाकंही वरून बाहेर झुकलेली असत. त्याचं कारण वेगळं होतं. चाक ज्या खिळीभोवती वळतं, तिची रेषा आणि टायर जिथे टेकतो ती जागा जवळ आणली की स्टिअरिंग हलकं होतं. शिवाय तेव्हाचे रस्ते मध्ये उंच आणि कडांना उतरते असत. रस्त्याच्या त्या उंचवट्यालाही इंग्रजीत कॅम्बरच म्हणतात, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘वाकलेलं’ असा आहे. १९५९ साली ॲलेक इसिगोनिसने घडवलेली मिनी कारखान्यातून निघायची तेव्हाही तिच्या पुढच्या चाकांना सुमारे दोन अंश धन कॅम्बर असे. शर्यतीसाठी मिनी तयार करणारे लोक सर्वात आधी हाच कोन उलटा करत. हेतू बदलला की कल बदलतो, आणि कुठलाही कल हेतूशिवाय बरोबर किंवा चूक नसतो, हे त्या गाडीने मला जितकं स्पष्ट सांगितलं तितकं पाठ्यपुस्तकांनी सांगितलं नव्हतं.

*

मोजायचं कसं? दुकानातल्या यंत्राला कॅमेरे असतात. आमच्याकडे ओळंबा होता. गवंड्याचा तोच, पितळी भोवरा आणि दोरी. टायरच्या वर एक काठी आडवी बांधून ओळंबा सोडायचा. दोरी चाकाच्या मध्यावरून, टायरच्या फुगवट्याला न शिवता खाली यायला हवी. मग रिमची वरची कड दोरीपासून किती दूर आणि खालची कड किती दूर, हे पोलादी पट्टीने मोजायचं. टायरपासून कधीही मोजू नये, कारण तो खाली भाराने फुगलेला असतो. आमच्या १४ इंची रिमच्या दोन कडांमधलं अंतर ३९० मिलिमीटर भरलं. एक अंश झुकाव असेल तर वरच्या आणि खालच्या अंतरात ६.८ मिलिमीटरचा फरक पडतो, दीड अंशाला एक सेंटिमीटर. पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी कोनात एक दशांश अंशाहून कमी फरक पडतो. घरगुती कामाला हे पुरेसं आहे.

मोजण्याआधी चारही टायरांत सारखी हवा भरली. चालकाच्या जागेवर तिच्या वजनाइतक्या तांदळाच्या गोण्या ठेवल्या. स्टिअरिंग सरळ धरून बांधलं. वाऱ्याने ओळंबा हलू नये म्हणून भोवरा पाण्याच्या वाडग्यात सोडला. रिम किंचित वाकलेली असू शकते, म्हणून एकदा मोजून गाडी अर्ध्या फेरीएवढी पुढे सरकवली, पुन्हा मोजलं आणि सरासरी घेतली.

आकडे आले ते असे. डावं चाक ०.२ अंश बाहेर झुकलेलं, उजवं ०.८ अंश आत. दोन बाजूंत एका अंशाचा फरक. मुलगी गप्प झाली. गाडी सेकंडहँड घेतलेली, म्हणजे आधी कुठेतरी ठोकलेली असणार, असं तिच्या मनात आलं. तिने त्याच संध्याकाळी डाव्या बाजूच्या स्ट्रटची चौकशीही केली. मला एक गोष्ट खटकत होती. दुकानातल्या पडद्यावर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. एक तर ते यंत्र चुकत होतं, नाही तर आम्ही.

आमच्या इमारतीत तेव्हा गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री चहा प्यायला खाली आले आणि आमचा ओळंबा बघून थांबले. मी त्यांना आकडे सांगितले. ते हसले. “सर, फरशी बघितली का?” त्यांनी वरून लेव्हलची नळी आणली. पाणी भरलेली पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन टोकांना पाण्याची पातळी एकच. चार चाकांच्या जागा आम्ही खडूने आखल्या होत्या. पुढच्या दोन जागांमध्ये अर्ध्या इंचाचा फरक निघाला, डावी बाजू खाली. “शहाबादीला ढाळ दिलेला असतो. नाहीतर धुतलेलं पाणी जाणार कुठं?”

अर्धा इंच म्हणजे साधारण १३ मिलिमीटर. दोन चाकांमधलं अंतर सुमारे १४७० मिलिमीटर. हिशेब केला तर अर्धा अंश येतो. गाडी फरशीबरोबर अर्धा अंश डावीकडे कलली होती आणि ओळंबा मात्र पृथ्वीच्या केंद्राकडे बघत होता. त्यामुळे डावं चाक अर्धा अंश जास्त बाहेर दिसलं आणि उजवं अर्धा अंश जास्त आत. खरा आकडा दोन्हीकडे एकच होता, उणे ०.३. गाडी कधी ठोकलेली नव्हती. गवंड्याने फरशी चांगली बसवली होती आणि आम्ही तो ढाळ गाडीच्या नावावर लिहून तिच्यावर आरोप ठेवला होता.

खात्रीसाठी मी एक जुनी युक्ती वापरली. पाणसळ खरी आहे की नाही हे सुतार कसं बघतो? ती उलटी फिरवून पुन्हा ठेवतो. आम्ही गाडीचं तोंड फिरवलं आणि त्याच खुणांवर उभी केली. आता डावं चाक ०.८ आत आणि उजवं ०.२ बाहेर. दोन्ही वाचनांची सरासरी काढली की फरशी आपोआप वजा होते. घरी मोजणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगेन. चाकाला हात लावण्यापूर्वी जमीन मोजा. सपाट करता आली तर खाली पत्रे घालून करा, नाही तर गाडी फिरवून दोनदा मोजा. आम्ही पुढच्या कामासाठी डाव्या चाकाखाली १३ मिलिमीटरचं प्लायवुड ठेवलं, आणि मागची दोन चाकंही नळी लावून त्याच पातळीत आणली.

*

आता प्रत्यक्ष बदल. स्ट्रटचं खालचं टोक चाकाच्या नकलला (गॅरेजात सगळे हाच शब्द वापरतात) दोन जाड बोल्टांनी जोडलेलं असतं. वरचा बोल्ट काढून त्या जागी विक्षिप्त बोल्ट घालायचा. या बोल्टचा दांडा बारीक असतो आणि त्यावर एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की फुगवटा नकलला आत ढकलतो आणि चाकाचा वरचा भाग आत येतो. यातून एक-सव्वा अंश मिळतो. ही सोय सगळ्या गाड्यांत नसते. काहींत स्ट्रट नकलमध्ये वरून खोचलेला असतो, तिथे हा बोल्ट बसतच नाही.

काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यात चूक करायला जागा भरपूर. गाडी जॅकवर उचलली की लगेच लोखंडी घोड्यांवर टेकवायची, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. ब्रेकची नळी आणि एबीएस असेल तर त्याची वायर ताणली जात नाही ना, हे बघायचं. चाकाचा वरचा भाग आत आला की टायर आणि स्ट्रट यांच्यातली जागा कमी होते, तिथे बोट जातंय का हे तपासायचं. आणि सर्वात महत्त्वाचं, नट. ही जोडणी टिकते ती बोल्टच्या जाडीवर नव्हे, तर तो दोन्ही भागांना किती घट्ट दाबून धरतो त्यावर. दाब कमी पडला तर वळणावर नकल घसरते आणि कोन क्षणात बदलतो. बारीक बोल्टला मूळ बोल्टचा आकडा चालत नाही. बोल्टच्या कागदावर दिलेल्या आकड्याइतकाच, टॉर्क रेंचने आवळायचा, आणि नट नवे वापरायचे. मी ते दोन नट आवळले तेव्हा माझ्या मनात यंत्रशास्त्र नव्हतं. ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर माझी मुलगी कोणत्या वेगाने जाते ते मला ठाऊक होतं.

गाडी खाली उतरवल्यावर लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण टायर जमिनीला चिकटून आडवा ताणलेला असतो. आम्ही प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस, अशा ठेवल्या. चाक हवं तिथे सरकलं.

कॅम्बर बदलला की टो बदलतो. वरून पाहिलं तर दोन चाकांची तोंडं आत वळली आहेत की फेंगड्या पायांसारखी बाहेर, तो टो. स्टिअरिंगचा दांडा जागेवर राहतो आणि नकल हलते, म्हणून हे होणारच. कॅम्बर टायरची कड हळूहळू खातो, चुकलेला टो झपाट्याने खातो. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून आम्ही टो मोजला आणि टाय रॉड फिरवून जवळजवळ शून्यावर आणला. नंतर गाडी पुन्हा त्याच दुकानात नेली. कॅम्बर पडद्यावर आता लाल होता, पण आकडे आमच्या वहीतल्या आकड्यांशी जुळले. डावं उणे १.५, उजवं उणे १.४.

*

दीडच का? मुलीला अडीच हवा होता. त्यासाठी स्ट्रटच्या वरच्या टोकाला वेगळ्या प्लेटा लागल्या असत्या. आमचा वाद झाला, आणि तो वहीतल्या एका साध्या बेरजेने मिटला. ट्रॅकवरच्या चाळीस फेऱ्या म्हणजे ८४ किलोमीटर. पुण्याहून कोइमतूरला जाऊन-येऊन दोन हजारांवर किलोमीटर, आणि तो बहुतेक सगळा सरळ हायवे. सरळ रस्त्यावर झुकलेल्या चाकाची आतली कड झिजते, जोरात ब्रेक मारताना तळहात पूर्ण टेकत नाही, रस्त्याच्या चरांमागे स्टिअरिंग ओढलं जातं. शिवाय कारखाने पुढची पकड मुद्दाम थोडी कमी ठेवतात. वेग जास्त झाला तर आधी पुढची चाकं घसरावीत, गाडी वळणाबाहेर सरकावी, पण गरकन फिरू नये, म्हणून. पुढे पकड वाढवली की मागचा भाग तुलनेने मोकळा होतो. ट्रॅकवर तिला ते हवं आहे. पावसात घाट उतरताना मला ते नको आहे.

सर्वात वरच्या पातळीवरही हा व्यवहार चुकत नाही. २०११ साली बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर रेड बुल संघाने टायर कंपनीने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कॅम्बर ठेवला आणि पात्रता फेरीतच पुढच्या टायरांना फोड आले. सेबास्टियन व्हेटेलने ती शर्यत जिंकली, पण सुरू करताना टायर टिकतील की नाही याची धास्ती संघाला होती. कोपऱ्यात मिळवलेलं सरळ पट्ट्यावर फेडावं लागतं.

आमच्या गाडीचा योग्य कोन त्या ८४ किलोमीटरांनी नव्हे, तर तिच्या सगळ्या आयुष्याने ठरायला हवा होता. मुलीने ते मान्य केलं, कुरकुरत.

मार्चमध्ये ती पुन्हा गेली. निघण्यापूर्वी मी प्रत्येक नटावरून स्ट्रटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. शंभरेक किलोमीटरनंतर बघायचं ठरलं होतं. साताऱ्याच्या पेट्रोलपंपावरून तिने फोटो पाठवला, चाक वळवून, टॉर्च लावून. रेघ अखंड होती. ट्रॅकवर तिने टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मारल्या आणि पाच फेऱ्यांनंतर पाहिलं. डिसेंबरात टायरच्या बाजूवरचा खडूसुद्धा पुसला गेला असता. आता तो कडेच्या आतच पुसला गेला होता. पूर्ण आत नव्हे, अजून अर्धा अंश चालला असता, हे तिने मला फोनवर दोनदा ऐकवलं.

परतल्यावर आम्ही खाली जाऊन पुन्हा हात फिरवला. बाहेरची कड ठीक होती. आतली किंचित, नखाला जाणवेल एवढी, जास्त झिजलेली. मिस्त्रींचं काम तोवर संपलं होतं. आमच्या खडूच्या चार खुणा फरशीवर अजून होत्या. सकाळी कोणीतरी पार्किंग धुतलं होतं आणि पाणी त्या खुणांवरून, डाव्या बाजूने, नालीकडे चाललं होतं.